गवताचा खटला

१९५९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात गवतावरून एक भांडण गेलं होतं. शहराच्या उद्यानखात्याचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याचं म्हणणं असं, की सेंट्रल पार्कात शेक्सपिअरची नाटकं बघायला जी गर्दी जमते, तिच्या पायांखाली हिरवळ मरते, मातीची धूप होते आणि त्याची भरपाई नाटकवाल्यांनी केली पाहिजे. त्यासाठी त्यांनी तिकीट लावावं. फार नाही, एक-दोन डॉलर. नाटकवाल्याचं नाव जोसेफ पॅप. तो म्हणाला, तिकीट लावणार नाही.

मोझेस म्हणजे साधी असामी नव्हे. पूल, महामार्ग, पोहण्याचे तलाव, समुद्रकिनारे, शेकडो बागा. आजच्या न्यूयॉर्कचा केवढा तरी भाग त्याच्या सहीने उभा राहिलेला. महापौर येत, जात. मोझेस आपल्या खुर्चीत कायम. त्याच्यासमोर पॅपकडे काय होतं? स्वतःचं थिएटर नाही, गाठीला पैसा नाही, फक्त दोन-तीन उन्हाळे नाटक बघितलेली आणि पुढचं कधी म्हणून विचारणारी माणसं. खालच्या कोर्टात मोझेस जिंकला. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. तिकिटाची ही सक्ती मनमानी आहे, तिला वाजवी आधार नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. त्या उन्हाळ्यात बागेत ‘ज्युलियस सीझर’ झालं आणि फुकट झालं. नंतर याच मोझेसने या नाटकांना कायमची जागा बांधून द्यायला शहराकडे पैसे मागितले. हरल्यावर सूड उगवायची पूर्ण ताकद असलेला माणूस थिएटर बांधायला निघाला, हे मला फार मोठं वाटतं.

पण मी जास्त विचार करते तो पॅपच्या हट्टाचा. डॉलर घेतला असता तर बिघडलं काय असतं? नाटक तेच झालं असतं, नट तेच, बाग तीच. आलेल्या पैशातून नटांना चार पैसे जास्त देता आले असते. भले भले लोक त्याला हेच सांगत होते. तरी हा माणूस एका डॉलरसाठी शहरातल्या सगळ्यांत ताकदवान अधिकाऱ्याशी कोर्टात लढला.

पॅपचा जन्म १९२१चा, ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गचा. आडनाव मूळ पापिरोफ्स्की. पूर्व युरोपातून आलेलं गरीब ज्यू कुटुंब, घरात यिडिश भाषा, वडील पेट्या-ट्रंका बनवणारे कारागीर. शेक्सपिअर त्याला भेटला तो सार्वजनिक वाचनालयात. पुस्तक घरी न्यायला तिथे कुणी पैसे मागितले नाहीत, बाप काय करतो हेही विचारलं नाही. वाचनालयात जो शेक्सपिअर फुकट मिळतो, तो रंगमंचावर का मिळू नये, एवढा साधा त्याचा प्रश्न होता आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही.

मला हा प्रश्न लगेच समजतो, कारण मी गोव्यातल्या पेडण्याची आहे. आमच्याकडे जत्रेला देवळाच्या अंगणात दशावतार होतो. उत्सवात गावातलीच माणसं तालमी करून जुनी संगीत नाटकं उभी करतात. बघायला सगळं गाव येतं आणि कुणी पैसे मोजत नाही. मांडीवर पोर झोपलेल्या बायका असतात, दिवसभर शेतात राबलेले गडी असतात, पुढे चटईवर आम्ही मुलं. घरातून ‘कोण जाणार’ असा प्रश्नच उठत नसे, सगळे जात. मुंबईला शिकायला आल्यावर पहिल्यांदा तिकिटाच्या खिडकीसमोर उभी राहिले, तेव्हा कळलं की तिकीट घरात शिरलं की घराची चाळण होते. घरचा कर्ता जातो, मुलं हट्ट करून जातात, आजी म्हणते मला काय करायचंय, आणि आई म्हणते पुढच्या वेळी. किंमत किती आहे याने फारसा फरक पडत नाही. एक डॉलरसुद्धा ती चाळण लावतो. पॅपला ते ठाऊक असणार, कारण ज्या घरांत ती लागते त्यातल्याच एका घरातून तो आला होता.

सुरुवात त्याने केली १९५४ साली, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडवरच्या एका चर्चच्या सभागृहात. १९५६ साली ईस्ट रिव्हर पार्कमधलं नदीकाठचं खुलं थिएटर त्याने मागून घेतलं आणि तिथे ‘ज्युलियस सीझर’ केलं, मग ‘टेमिंग ऑफ द श्रू’. आजूबाजूची वस्ती कामगारांची, स्थलांतरितांची. जिवंत नट डोळ्यांसमोर कधी न पाहिलेली कितीतरी माणसं जेवणं आटोपून तिथे येऊन बसली. एक मोठा नाट्यसमीक्षक बघायला आला त्या रात्री मध्येच पाऊस कोसळला आणि प्रयोग अर्धाच राहिला. त्या अर्ध्या प्रयोगावर त्याने इतकं आपुलकीने लिहिलं की मदत येऊ लागली. १९५७ साली पॅपने ट्रकवर रंगमंच चढवला आणि शहराच्या निरनिराळ्या भागांतल्या बागांतून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ फिरवलं. हा ट्रक फिरत फिरत सेंट्रल पार्कातल्या तळ्याजवळ आला आणि तिथेच बिघडून बसला, म्हणून नाटक तिथे रुजलं, असं सांगतात. कपड्यांचा पेटारा घेऊन गावोगाव जाणाऱ्या आमच्या दशावतारी मंडळींना ही कथा ऐकवली तर त्यांना त्यात नवल काही वाटणार नाही. गाडी जिथे थांबेल तिथे मांड मांडायचा.

१९५८ साली पॅपला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या त्या कुप्रसिद्ध समितीसमोर उभं केलं गेलं. कम्युनिस्ट होतास का, नाटकांतून प्रचार करतोस का? त्याने सांगितलं, आम्ही शेक्सपिअरची नाटकं करतो. साथीदारांची नावं त्याने दिली नाहीत. ज्या टीव्ही कंपनीत स्टेज मॅनेजर होता तिथली नोकरी गेली, आणि तीही त्याने लवादापुढे भांडून परत मिळवली. गवताचा खटला त्यानंतर वर्षभरात. नोकरीची ही गत झालेली असताना एखाद्याने म्हटलं असतं, घ्या बाबा तुमचा डॉलर.

१८ जून १९६२ रोजी सेंट्रल पार्कात डेलाकोर्ट थिएटर सुरू झालं. जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकाने देणगी दिली, म्हणून त्याचं नाव. साधारण अठराशे खुर्च्या, वर छप्पर नाही. मागे तळं आणि खडकावर उभा असलेला बेल्व्हेडिअर कॅसल. पहिलं नाटक ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, त्यातला दुष्ट ठरवलेला ज्यू सावकार शायलॉक झाला जॉर्ज सी. स्कॉट. हे नाटक टीव्हीवर दाखवायला ज्यू धर्मगुरूंनी विरोध केला. पॅप स्वतः ज्यू, त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि नाटक दाखवलं.

तिथली रांग हा एक वेगळाच उत्सव आहे. बाग सकाळी सहाला उघडते, त्याआधीच लोक बाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकून असतात. आत आल्यावर झाडांच्या सावलीतून रांग लांबच लांब पसरते. चादरी, घडीच्या खुर्च्या, थर्मास, पत्ते, लॅपटॉप. आसपासची हॉटेलं रांगेत नाश्ता आणून देतात. कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत उभा राहतो. दुपारी बारा वाजता तिकिटं वाटतात, माणशी दोन. नाटक रात्री आठला.

२०२५च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे, न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीला आली होती. डेलाकोर्ट दुरुस्तीसाठी बंद होतं ते त्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं, आणि नाटक होतं ‘ट्वेल्फ्थ नाइट’. नव्या थिएटरच्या बाहेरच्या भिंतींना न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं रेडवुड लाकूड लावलंय. आईने त्यावर हात फिरवून पाहिला आणि लाकूड चांगलं आहे म्हणाली. माझे आजोबा सुतारकाम करत, त्यामुळे घरातल्या बायकांनाही लाकडातलं कळतं.

पहाटे निघायचं म्हटल्यावर तिने विचारलं, “तिकीट कितलें?” म्हटलं, फुकट. “मग इतल्या सकाळीं कित्याक?” रांगेची गोष्ट सांगितल्यावर ती काही बोलली नाही, पण पिशवीत चिवड्याचा डबा आला, पाण्याच्या दोन बाटल्या आल्या आणि घरातली जाड सोलापुरी चादर आली. ज्येष्ठांची रांग वेगळी असते, तिथे बसायला बाकं असतात. आईशेजारी ब्रॉन्क्सच्या एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्यांनी तरुणपणी, १९७३ साली, जेम्स अर्ल जोन्सचा किंग लिअर इथेच पाहिलेला. त्या इंग्रजीत बोलत होत्या, आई आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि मध्ये चिवड्याचा डबा. मी तिकडे गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, तुझ्या आईने मला देवळातल्या नाटकांबद्दल सांगितलं, पुरुष साडी नेसून काम करतात ते. हे तिने कसं सांगितलं असेल कोण जाणे.

येताना गाडीत मी आईला गोष्ट सांगितली होती. जहाज फुटतं, जुळी भावंडं एकमेकांपासून तुटतात. बहीण व्हायोला पुरुषाचा वेष घेऊन एका सरदाराच्या चाकरीला राहते, त्याच्यावर जीव जडतो, आणि तोच तिला आपल्या प्रेमाचा निरोप घेऊन दुसऱ्या बाईकडे पाठवतो. ती बाई या ‘तरुणा’च्या प्रेमात पडते. मला वाटलं होतं गुंता समजावून सांगावा लागेल. आईला काहीच अवघड गेलं नाही. शेक्सपिअरच्या काळात बायकांची कामं मुलगे करत, म्हणजे बाई झालेला मुलगा पुन्हा पुरुषाचा वेष घ्यायचा, हेही सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे स्त्रीपार्टी असतात तसंच ना. दशावतारात वाढलेल्या माणसाला वेषांतर समजावून सांगावं लागत नाही.

आठ वाजले तेव्हा आकाशात अजून उजेड होता. रंगमंचावर भलीमोठी अक्षरं उभी केलेली होती, ‘व्हॉट यू विल’, नाटकाचं दुसरं नाव. ल्युपिटा न्योंगो व्हायोला झाली होती आणि तिचा सख्खा भाऊ ज्युनिअर न्योंगो झाला होता तिचा जुळा भाऊ सबॅस्टियन. दोघं केनियन वंशाची, आणि या प्रयोगात मधूनच त्यांच्या तोंडी स्वाहिली येत होती. पहिल्यांदा ते कानांवर पडलं तेव्हा आईने मला कोपराने ढोसलं. काय म्हणाली ती? मी म्हटलं, मलाही नाही कळलं, ते इंग्रजी नाही. आईने आजूबाजूला पाहिलं. कुणालाच कळलं नव्हतं आणि सगळे तसेच मन लावून ऐकत होते. त्यानंतर ती खुर्चीत जरा सैल बसली. तोवर शब्द आपल्याच कानांवरून निसटतायत असं तिला वाटत असावं. भाषा अर्धीमुर्धी कळूनही नाटक कळतं, हे त्या बहीणभावाच्या परक्या शब्दांनी तिला पटवून दिलं. मला स्वतःला शेक्सपिअरच्या ओळी सगळ्या कळतात असं नाही. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी तिथल्या शेजाऱ्यांनाही पुरतं कळत नसणार. त्या अंगणात सगळेच थोडे थोडे परके असतात, आणि नटांचे हातवारे, चाल, आवाजाची पट्टी धरून सगळे पुढे जातात.

मॅल्वोलियो होता पीटर डिंकलेज. मॅल्वोलियो म्हणजे त्या दुसऱ्या बाईच्या घरचा कारभारी. ताठ, शिस्तीचा, कुणाला हसू न देणारा. मालकीण तुझ्यावर प्रेम करते अशी खोटी चिठ्ठी लिहून त्याला फसवतात. वेडा ठरवून अंधारकोठडीत टाकतात. चिठ्ठीच्या प्रवेशाला सगळं थिएटर हसत होतं, आईही हसत होती. पण कोठडीचा प्रवेश सुरू झाल्यावर तिचं हसणं थांबलं. “बिचाऱ्याक फसयलो गे बाय,” ती म्हणाली. शेवटी जोड्या जुळल्या, गाणं झालं, आनंदीआनंद झाला. आई मॅल्वोलियोचाच विचार करत होती. घरी परतताना तिने विचारलं, त्याने असं काय वाईट केलं होतं? मालकिणीशी आपलं लग्न व्हावं असं मनात आणलं एवढंच ना? या नाटकावर जाणकारांनी ढिगाने लिहिलंय, पण त्याचं मर्म याहून थेट मला कुणी सांगितलेलं नाही.

आमच्याकडे दशावतार मध्यरात्री उभा राहतो आणि उजाडताना संपतो. शेवटच्या प्रवेशापर्यंत राजाच्या तोंडावरचा रंग घामाने उतरलेला असतो आणि पूर्वेकडे फटफटत असतं. डेलाकोर्टला उलटं. नाटक उजेडात सुरू होतं, तेव्हा नट आणि प्रेक्षक एकाच प्रकाशात असतात, एकमेकांचे चेहरे दिसतात. हळूहळू झाडं काळी होतात, दिवे चढत जातात आणि कधीतरी लक्षात येतं की आता फक्त रंगमंच उरलाय. बंद नाट्यगृहात दिवे घालवतात त्या क्षणी नाटक सुरू होतं. इथे ते कधी सुरू झालं हे नेमकं सांगता येत नाही. वरून विमान जातं, नट अर्धा क्षण थांबतात. रंगमंचावरून रॅकून चालत गेल्याच्या कहाण्या तर जुन्या प्रेक्षकांच्या तोंडपाठ. पाऊस आला तर लोक रेनकोट चढवतात आणि बसून राहतात.

आता माझी तक्रार. रांग सगळ्यांना सारखी, असं म्हणतात. मला ते पटत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी सहा ते दुपारी बारा मोकळं कोण असतं? ज्याला सुट्टी टाकता येते तो. तासावर मजुरी घेणारी, दोन-दोन नोकऱ्या करणारी माणसं त्या रांगेत फारशी दिसत नाहीत, आणि पॅपने थिएटर मांडलं ते तर त्यांच्यासाठी. २०१०मध्ये अल पचिनो शायलॉक होता, तेव्हा रांगेत उभं राहायला माणसं भाड्याने मिळू लागली आणि फुकटची तिकिटं इंटरनेटवर विकली जाऊ लागली. राज्याच्या महाधिवक्त्याला त्यात पडावं लागलं. त्यावर पॅपच्या संस्थेने, पब्लिक थिएटरने, उपाय केलेत. सोडत असते. ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिन, स्टेटन आयलंड इथल्या वाचनालयांत आणि समाजकेंद्रांत तिकिटं वाटतात. पॅपच्या ट्रकची आठवण ठेवून एक फिरतं पथक तुरुंगांत, निवाऱ्यांत, वस्त्यांत नाटक नेतं. २०२४ साली डेलाकोर्ट बंद असताना याच पथकाने ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत मिळून केलं. मला विचाराल तर या फिरत्या पथकात पॅप जास्त आहे. सेंट्रल पार्कातले तारे-तारका बघायला रांग लागते, हे छानच; पण नाटकानेच माणसाच्या दारात जायचं ही कल्पना अधिक जुनी आणि अधिक खरी.

आणि फुकट म्हणजे कुणीतरी पैसे भरतंच. आमच्याकडे देवस्थान भरतं, कुणी नवस बोललेला असतो तो भरतो. पॅपला मोठा हात दिला तो त्याच्याच संस्थेत जन्मलेल्या ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेने. १९७५ साली ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेली आणि पंधरा वर्षं चालली. महागडी तिकिटं काढून तिथे बसलेल्यांनी नकळत बागेतल्या खुर्च्यांचे पैसे भरले. शहर देतं, देणगीदार देतात, कंपन्या देतात. कंपन्या रागावूही शकतात. २०१७ साली ‘ज्युलियस सीझर’मधला सीझर हुबेहूब तत्कालीन राष्ट्राध्यक्षांसारखा दाखवला, तर एका विमान कंपनीने आणि एका बँकेने पाठिंबा काढून घेतला. एका रात्री निदर्शक रंगमंचावर चढले. प्रयोग थोडा वेळ थांबला आणि पुन्हा पुढे सुरू झाला. सीझरला मारणाऱ्यांच्या हाती शेवटी काहीच लागत नाही, त्यांनी वाचवायला घेतलेलं प्रजासत्ताकच बुडतं, हे त्या नाटकात स्वच्छ लिहिलेलं आहे. शेवटपर्यंत बघितलं असतं तर निदर्शकांनाही ते दिसलं असतं; तिकीट तर कुणी मागत नव्हतं.

पॅप १९९१ साली गेला. तो गेल्यावर हे बंद पडेल असं वाटणारे लोक होते. बंद पडलं नाही. मला त्याचं कारण एवढंच वाटतं, की या शहरातल्या माणसांना आता ते आपलं वाटतं, वाचनालयासारखं. आपल्याकडच्या बागांत संध्याकाळी शिट्ट्या वाजवून लोकांना बाहेर काढतात, तेव्हा मला डेलाकोर्ट आठवतं. मे महिन्यात पुण्यात, नाशकात, पणजीत एखाद्या बागेत देवल-किर्लोस्करांचं एखादं नाटक सलग तीन आठवडे फुकट लागलं तर? गोव्याच्या देवळांतून हे वर्षानुवर्षं होतंय, म्हणजे नट आहेत, संहिता आहेत, बघणारेही आहेत. हिरवळीचं काय, असं विचारणारा अधिकारी निघेलच. त्याच्यासाठी न्यूयॉर्कच्या कोर्टाचा निकाल तयार आहे.

तुमचे आईवडील उन्हाळ्यात इकडे येणार असतील तर एक दिवस यासाठी ठेवा. मॉल आणि नायगारा होतच राहतात. सबवेच्या बी किंवा सी गाडीने ८१व्या रस्त्याला उतरायचं आणि बागेत शिरायचं. दाराशी प्रॉस्पेरो-मिरांडा आणि रोमिओ-ज्युलिएट यांचे ब्राँझचे पुतळे दिसले की पोचलात. पासष्टच्या पुढच्यांची रांग कुठे ते विचारून घ्या. अंथरायला चादर न्या, संध्याकाळसाठी शाल न्या, खायचं थोडं जास्त न्या, कारण शेजारी विचारतातच. आणि नाटकाची गोष्ट आदल्या दिवशी घरी आपल्या भाषेत सांगून ठेवा. सगळी नका सांगू, शेवट राखून ठेवा.